मामा कितव्या वर्षी गेले?

(दूधविनायक, वाराणसी येथील मराठी मंडळींपुढे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



हृदयविकारावर आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकलेलं आहे. तेल-तूप कमी करा, चाला, तंबाखू सोडा, साखर तपासा, रक्तदाब सांभाळा. हे सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण आज मला त्या हृदयविकाराबद्दल बोलायचं आहे, जो हे सगळं पाळणाऱ्या माणसालाही गाठतो. पहाटे गंगेवर स्नान करणारा, घाटाच्या पायऱ्या रोज चढणारा, सुपारीलाही न शिवणारा माणूस बेचाळिसाव्या वर्षी जातो. मग घरात, गल्लीत, स्मशानातून परतताना एकच वाक्य ऐकू येतं: "निर्व्यसनी होता हो, त्याला कसा काय अटॅक आला?" या प्रश्नाला उत्तर आहे. बऱ्याचदा ते रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतं. आणि ते सापडलं तर त्याच्या भावाचा, बहिणीचा, मुलाचा जीव वाचू शकतो. हे मी मनापासून मानतो, म्हणून इथे आलो आहे.

या विषयाचा आणि या शहराचा एक धागा आहे. डॉ. लालजी सिंह हे नाव इथे कुणाला परकं नाही. जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचा हा मुलगा बनारस हिंदू विद्यापीठात शिकला, तिथेच पीएचडी झाला, पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेचा संचालक झाला आणि २०११ ते २०१४ या काळात एक रुपया पगारावर आपल्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. २००९ साली त्यांचे सहकारी के. थंगराज यांच्या गटाने 'नेचर जेनेटिक्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लेखकांत लालजी सिंह होते, तसेच मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ प्रदीप वैदीश्वरही होते. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकातून डीएनएची पंचवीस अक्षरं गळलेली आहेत, आणि हा दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आहे, असं त्यांना आढळलं. या निबंधाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्याची पुढची कहाणी आपल्याला सावध करणारी आहे.

१० डिसेंबर २०१७ रोजी लालजी सिंह बाबतपूरच्या विमानतळावर होते. तिथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्याच विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात त्यांना नेलं, पण ते वाचले नाहीत. ते सत्तर वर्षांचे होते. त्यांचा मृत्यू आनुवंशिक दोषाने झाला असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. मात्र भारतीयांच्या रक्तातला वारसा भारतीयांनीच वाचला पाहिजे हा आग्रह या माणसाने जन्मभर धरला, आणि आजच्या विषयात त्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. हृदयाच्या रोहिणीत चरबी साचण्याचे जे आनुवंशिक रोग आहेत, त्यांतला सर्वांत चांगला समजलेला रोग म्हणजे कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण असतात. ते यकृताने उचलून घ्यायचे असतात, आणि उचलण्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. गंगेवर नावा भरून याव्यात आणि निम्मे घाट बंद असावेत, तर नावा पात्रातच खोळंबून राहतील. तसे हे कण रक्तात खोळंबतात आणि वर्षानुवर्षं रोहिणीच्या भिंतीत शिरत राहतात. रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोहोंपैकी एक प्रत सदोष असली की हा रोग होतो. सदोष प्रत असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो की मुलगी.

हे रिसेप्टर मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अमेरिकेत डॅलसला शोधून काढले, १९७३-७४च्या सुमारास. तरुणपणी दोघांनी सहा आणि आठ वर्षांची दोन भावंडं पाहिली होती, ज्यांना त्या वयात हृदयविकार जडला होता. खाण्यापिण्याने हे होणं शक्य नव्हतं. त्या मुलांनी डॉक्टरांच्या मनात सोडलेला प्रश्न १९८५च्या नोबेल पुरस्कारापर्यंत गेला. त्या भावंडांच्या दोन्ही प्रती सदोष होत्या; तो प्रकार दुर्मिळ आहे, काही लाखांत एखादा. पण एक प्रत सदोष असलेली माणसं दुर्मिळ नाहीत. जगभरच्या पाहण्यांतून दर अडीचशे ते तीनशे माणसांत एक, असं प्रमाण निघतं. आज या सभागृहात जेवढी माणसं बसली आहेत, त्यांच्या कुटुंबांची मोजदाद केली तर त्यांत असे काही जण नक्की असतील. आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नसेल.

उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार होतो. स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीच्या आत. हे आकडे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. यावर औषध आहे, ते जुनं आहे, परवडणारं आहे आणि काम करतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींची तपासणी केली आणि क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं. १९७८ साली ओसाकाच्या डॉ. यामामोतो यांनी ते एका तरुण मुलीला दिलं. तिच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. आज त्याच घराण्यातल्या गोळ्या आपल्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळतात. एक प्रत सदोष असलेल्या मुलाला आठ-दहा वर्षांच्या वयापासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध सुरू केलं, तर त्याचं आयुष्य इतरांसारखंच जाऊ शकतं. इतकी चांगली बातमी आनुवंशिक रोगांत फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळते. म्हणूनच हा रोग न शोधणं मला अक्षम्य वाटतं.

शोधायचा कसा? इथे लोकांची पहिली समजूत अशी असते की आनुवंशिक रोग म्हणजे डीएनएची तपासणी, म्हणजे मोठं शहर, मोठा खर्च. तसं नाही. सुरुवात लिपिड प्रोफाइलने होते. काहीशे रुपयांत कुठलीही बरी पॅथॉलॉजी लॅब ते करते. एलडीएलच्या आकड्यासाठी उपाशीपोटी येण्याचीही बहुतेक वेळा गरज नसते. प्रौढ माणसाचा एलडीएल १९०च्या वर असला, तर थांबून विचार करायला हवा. मुलाच्या बाबतीत, घरात लवकर हृदयविकार झालेला असेल, तर १६०च्या वर असला तरी. थायरॉइड मंद असेल, मूत्रपिंडाचा काही विकार असेल, तर आकडा त्यामुळेही चढतो. ते आधी तपासून बाजूला काढावं लागतं. आणि एक गोष्ट आमच्या डॉक्टरांपैकीही काही जण विसरतात: हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर पहिल्या दिवसानंतर कोलेस्टेरॉल खाली उतरतं आणि काही आठवडे उतरलेलंच राहतं. रुग्णालयात चौथ्या दिवशी काढलेला 'नॉर्मल' रिपोर्ट बघून कुटुंब निश्चिंत होतं. तो रिपोर्ट ग्राह्य धरू नका. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा, आणि तोवर गोळ्या चालू असतील तर आकडा औषधाखालचा आहे हे लक्षात ठेवा.

शरीरही खुणा दाखवतं. टाचेच्या वरची जाड शीर, जी घोट्याच्या मागून वर जाते, तिच्यावर गाठी येतात. बोटांच्या सांध्यांवरच्या शिरांवर येतात. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं म्हातारपणी अनेकांना येतं, पण पंचेचाळिशीच्या आत आलं तर विचारलं पाहिजे. १९३८ साली नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी या गाठी, चढलेलं कोलेस्टेरॉल आणि घराण्यात चालणारा हृदयविकार या तिन्हींचा संबंध जोडला. त्यांच्याकडे जनुकाची तपासणी नव्हती. डोळे होते आणि कुटुंबाची विचारपूस करायची चिकाटी होती. आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. टेस्टर आशावैद आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास भारतीय रुग्णांच्या एलडीएल रिसेप्टरच्या जनुकातले बदल शोधून प्रसिद्ध केले, म्हणजे हे काम आपल्या भाषेच्या मुलखात पंचवीस वर्षांपूर्वीच सुरू झालेलं आहे.

दुसरी तपासणी आहे लायपोप्रोटीन (ए) या कणाची. लॅबच्या कागदावर ती 'एलपी(ए)' म्हणून दिसते. हा कण १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांना सापडला. एलडीएलसारखाच कण, त्याला आणखी एका प्रथिनाची शेपटी जोडलेली. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकं ठरवतात. पाच-सहा वर्षांच्या वयाला जी असते, साधारण तीच जन्मभर राहते. ना पथ्याने उतरते, ना व्यायामाने. ५० मिलिग्रॅमच्या वर ती धोक्याची मानतात, आणि दक्षिण आशियातल्या लोकांत, म्हणजे आपल्यात, चौघांपैकी जवळजवळ एकाची पातळी त्या रेषेच्या वर असते. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात असं दिसलं की आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठाव्या वर्षाच्या आसपास. त्यामागे मधुमेह आहे, तंबाखू आहे, पोटावरची चरबी आहे. आणि त्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात हेही दिसलं की ज्या दक्षिण आशियाई माणसांचं एलपी(ए) जास्त होतं, त्यांचा धोका दुपटीच्या आसपास होता.

या तपासणीचे दोन नियम आहेत. ती आयुष्यात एकदा करावी, दरवर्षी करून पैसे घालवू नयेत. आणि काही लॅब मिलिग्रॅममध्ये आकडा देतात, काही नॅनोमोलमध्ये. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत बसू नये, दोन्हींच्या धोक्याच्या रेषा वेगळ्या आहेत, नॅनोमोलची १२५ आहे. हा आकडा खाली आणणारी औषधं सध्या मोठ्या चाचण्यांतून जात आहेत. मग कळून उपयोग काय, असं मला नेहमी विचारतात. उपयोग हा, की ज्याचं एलपी(ए) जास्त आहे त्याने एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्याबाबत इतरांपेक्षा अधिक कडक राहायचं असतं. त्याला 'बॉर्डरलाइन आहे, बघू' असं कुणी म्हणता कामा नये.

आता मी तुमच्या घरात येतो.

काशीतल्या मराठी माणसाला वंश लिहून ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात इथे आले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट; त्यांनी १६१२ साली 'निर्णयसिंधू' लिहिला. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाचा विधी चालवला. नारायणभट्टांचे दुसरे चिरंजीव शंकरभट्ट यांनी तर 'गाधिवंशानुचरित' नावाने आपल्या घराण्याचा इतिहासच लिहून ठेवला. पुढे विसाव्या शतकात महाराष्ट्रात घराण्याघराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यजमानांची नावं पिढ्यान् पिढ्या नोंदलेली आहेत. एवढ्या लेखनात विद्या आहे, दान आहे, गोत्र-प्रवर आहे, कोण कुठून आला ते आहे. कोण कितव्या वर्षी आणि कशाने गेला, हे क्वचितच आहे.

आणि तरीही त्या नोंदीचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे. महालयाच्या तर्पणात आपण कुणाकुणाची नावं घेतो? वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. मग काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे. जनुकीय सल्लागार रुग्णापुढे कोरा कागद घेऊन बसतो आणि तीन पिढ्यांचा तक्ता काढतो, तेव्हा त्याला नेमकी हीच माणसं हवी असतात. आपल्या गुरुजींना ती यादी तोंडपाठ असते. फक्त प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी नाहीत: वय आणि कारण.

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माहिती हरवते ती आईच्या बाजूची. तपासायला आलेल्या माणसाला मी विचारतो, घरात कुणाला हार्टचा त्रास? तो ठामपणे सांगतो, "आमच्या घराण्यात कुणाला नाही." घराणं म्हणजे वडिलांचं. मग मी विचारतो, मामा? थोडा वेळ जातो. "मामा लवकर गेले. मी लहान होतो." कितव्या वर्षी? ते कुणालाच सांगता येत नाही; आईला विचारावं लागतं, आणि आई असेल तर ठीक. आमच्याकडे मुलगी लग्न होऊन आली की तिचं आडनाव बदलतं, पुष्कळ घरांत नावही बदलतं. कोकणातून, पुण्याहून, इंदूर-ग्वाल्हेरहून या गल्ल्यांत सुना आल्या. त्यांच्या माहेरचे आजार त्यांच्याबरोबर आले, पण त्यांची कुणी चौकशी केली नाही. सदोष जनुक माहेर-सासर ओळखत नाही. सगोत्र विवाह टाळला म्हणजे रक्तातले दोष टळले, असंही काही जण मानतात. गोत्र एकाच बाजूने चालतं. आपल्या धर्मशास्त्रकारांनी सापिंड्य मोजताना वडिलांकडच्या सात आणि आईकडच्या पाच पिढ्या धरल्या, ही त्यांची दृष्टी रूढ व्यवहारापेक्षा व्यापक होती.

त्याच शास्त्रग्रंथांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या दाक्षिणात्य चालीवर मोठा खल आहे. महाराष्ट्रात अनेक समाजांत ही चाल आजही आहे. मी तिच्यावर नैतिक निवाडा देणार नाही. वैद्यकीय वस्तुस्थिती मात्र सांगितली पाहिजे: नवऱ्याची आई आणि नवरीचे वडील एकाच आई-बापाची मुलं असतात, तेव्हा एकच सदोष प्रत दोन्हीकडे गेलेली असू शकते, आणि आते-मामे भावंडांच्या अपत्याला ती दुहेरी मिळू शकते. अशा मुलाचा एलडीएल पाचशेच्या घरात जातो आणि विशी गाठायच्या आत हृदय थकतं. जिथे अशा लग्नाचा विचार चालू आहे आणि घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलेलं आहे, तिथे पत्रिका पाहायच्या आधी दोघांचे लिपिड प्रोफाइल पाहावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जवळच्या नात्यात लग्न न करताही आपण सगळे बऱ्यापैकी जवळचेच आहोत. २०१७ साली दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक समाजगटांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थंगराज आणि लालजी सिंह यांचा त्यात वाटा होता. त्यांतल्या ८१ गटांत असं दिसलं की मूळचे थोडे पूर्वज आणि पुढे शतकानुशतकं आपसातच लग्नं यांचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा पूर्व युरोपातल्या ज्यूंपेक्षाही तीव्र आहे. अशा समाजात एखादा दुर्मिळ दोष एका पूर्वजाकडून शेकडो घरांत पसरलेला असू शकतो. दूरच्या शहरात थोडी घरं येऊन राहतात आणि एकमेकांत सोयरीक करतात, तेव्हा हेच छोट्या प्रमाणावर घडू शकतं. यात कुणाची लाज नाही. उलट शोध सोपा होतो: एका घरात दोष सापडला, की कुठे पाहायचं ते कळतं.

आता त्या पंचवीस अक्षरांकडे. २००९चा निबंध प्रसिद्ध झाल्यावर वर्तमानपत्रांनी कोट्यवधी भारतीयांच्या हृदयात टाइमबॉम्ब असल्यासारखं लिहिलं. संशोधन चोख होतं. १०७ समाजगटांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी त्यात होती. पण विज्ञान तिथे थांबलं नाही. पुढच्या दहा वर्षांत दुसऱ्या गटांनी हाच दोष पुन्हा तपासला आणि २०२०च्या सुमारास असं दाखवून दिलं की, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा जो धोका या दोषाच्या नावावर मांडला जात होता, त्याचा मोठा भाग त्याच जनुकात शेजारी बसलेल्या दुसऱ्या, कितीतरी दुर्मिळ बदलामुळे आहे. नुसती पंचवीस अक्षरं गळलेली बहुसंख्य माणसं निरोगी आयुष्य जगतात. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण आज कुणीही थुंकीची डबी पोस्टाने पाठवून 'हृदयाचा जनुकीय अहवाल' मागवू शकतो. अशा अहवालात एखादा बदल लाल अक्षरांत छापून येतो, आणि धडधाकट माणूस झोप हरवून बसतो. शेकडो छोट्या बदलांची बेरीज करून धोक्याचा एक आकडा देणारे अहवालही मिळतात. ते मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने आपल्या बाबतीत त्यांचा भरवसा कमी आहे.

म्हणून क्रम उलटा करू नका. आधी घराची विचारपूस, मग साधं रक्त, आणि तिथे ठळक काही दिसलं तर रोग्याची जनुकतपासणी. रोग्यात नेमका दोष सापडला, की मग तेवढाच एक दोष नातेवाइकांत शोधायचा. ती तपासणी स्वस्त असते आणि तिचं उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं. हृदयाच्या स्नायूच्या आजारात, जिथे धावताना कोसळलेल्या तरुणाची बातमी आपण वाचतो, तिथे तर रक्ताच्या आधी ईसीजी आणि इको करायला हवेत. जनुकतपासणी सल्लागाराशिवाय करू नये. बनारस हिंदू विद्यापीठात आनुवंशिक विकारांचं स्वतंत्र केंद्र आहे, वैद्यकशास्त्र संस्था आहे. जाणकार माणसं तुमच्यापासून काही किलोमीटरवर आहेत.

नेदरलँड्सने १९९४ पासून हे काम देशपातळीवर केलं. एक रोगी सापडला, की त्याच्या परवानगीने त्याच्या भावंडांकडे, मुलांकडे, काका-मामांकडे जायचं, त्यांचं रक्त घ्यायचं. आपल्याकडे असं कुणी घरी येणार नाही. आपल्याकडे हे काम कुटुंबालाच करावं लागेल, आणि कुटुंबच ते अडवतं. "डॉक्टर, मुलीचं लग्न ठरायचं आहे, हे कुठे लिहू नका." हे वाक्य ऐकलं नाही असा हृदयरोगतज्ज्ञ महाराष्ट्रात किंवा इथे सापडणार नाही. त्या आईची भीती मला कळते. पण ज्या मुलीचा दोष वेळेवर कळला आणि जी उपचार घेते, ती बहुतेक बाबतींत इतर मुलींसारखीच आहे. गरोदरपणाआधी औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं, एवढंच. दोष लपवला तर तो जात नाही. तो तिच्याबरोबर सासरी जातो आणि तिच्या मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी असते. एका पिढीने लग्नासाठी पाळलेलं मौन पुढच्या पिढीच्या जिवावर बेततं, हे मी पाहिलेलं आहे आणि त्याबद्दल मला राग आहे.

दुसरी भीती विम्याची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात, जनुकीय विकार म्हणून आरोग्यविम्याचा दावा सरसकट नाकारणं भेदभावाचं आहे असा निकाल दिला. ते प्रकरण हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक आजाराचंच होतं. त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना तशा सूचना दिल्या. तरीही पॉलिसीतली अटी-शर्तींची पानं वाचून घ्या.

माहिती सांगायची म्हणजे चव्हाट्यावर मांडायची नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा रिपोर्ट टाकू नका, तरुण मुलीचा तर मुळीच नको. ज्याचा रिपोर्ट आहे त्याला विचारा आणि ज्यांना धोका आहे त्यांना एकेकाला फोन करा. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्त्या जे काढतात त्यांनाही माझी विनंती आहे: हयात माणसांच्या तपासण्या छापू नका; पण दिवंगतांच्या नावापुढे, त्यांच्या मुलाबाळांच्या संमतीने, मृत्यूचं वय आणि कारण नोंदवा. त्या आडनावाच्या घराण्यात जन्मलेल्या आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींनाही त्यात पूर्ण जागा द्या.

तुमच्या घरात वडील, काका, मामा, भाऊ यांपैकी कुणी पंचावन्नच्या आत, किंवा आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणी पासष्टच्या आत हृदयविकाराने गेलं असेल, स्टेंट किंवा बायपास झाला असेल, तर तुम्ही स्वतः लिपिड प्रोफाइल आणि एलपी(ए) करून घ्या. तुमचा एलडीएल १९०च्या वर आला तर मुलांचंही रक्त तपासा. शाळकरी असली तरी. येत्या पितृपंधरवड्यात गुरुजी नावं विचारतील तेव्हा एक वही जवळ ठेवा, आणि प्रत्येक नावापुढे वय व कारण लिहा. जे आठवत नाही ते घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारा, आजच विचारा. आणि पुण्याला, इंदूरला, अमेरिकेला दिलेल्या बहिणीला फोन करून तिच्या मुलांचं रक्त तपासायला सांगा.